यादीत येईपर्यंत

मिलिंद,

तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड प्रज्ञावहिनींनी मला वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून दिला. तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आदल्याच दिवशी झाला होता. पिंपळगाव राजातल्या तुझ्या घरासमोर मंडपवाला खुर्च्या एकात एक रचत होता आणि वहिनी तो आवाज ऐकत ओट्यावर बसल्या होत्या. स्टुडिओतून तीनदा फोन आला, त्यांचं काही काम पाठवायचं राहिलंय म्हणतात, मला त्यातलं समजत नाही, तुम्ही एकदा पाहता का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला भीती वाटली, कारण मग खामगावच्या त्या खोलीत जावं लागणार होतं. तीन वर्षं मी त्या जिन्याला पाय लावलेला नव्हता.

गेलो. खाली सरकी-पेंडीचं दुकान तसंच आहे. दुकानदारानं मला ओळखलं, गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि हातात हात घेतला. कापसाचे जिनिंग सुरू झालेत, त्यामुळे खोलीत सगळीकडे रुईची बारीक लव बसलेली. पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या गजांवर, तुझ्या की-बोर्डवर. माझं टेबल तू हलवलं नव्हतंस. त्यावर तू काही ठेवलंही नव्हतंस. तीन वर्षं समोर रिकामं टेबल घेऊन तू काम करत होतास, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मी तुझ्याच खुर्चीत बसलो, कारण कॉम्प्युटर तिथे होता. तिथून माझं टेबल कसं दिसतं ते पहिल्यांदाच पाहिलं.

आपण काय काम करतो हे मी माझ्या आईला कधीच नीट सांगू शकलो नाही. तू मात्र तिला दोन वाक्यांत सांगितलं होतंस. सिनेमात जो पूर दिसतो, आग दिसते, हत्तींचा कळप दिसतो, तो खरा नसतो, मावशी, तो कॉम्प्युटरवर काढतात. काढणाऱ्यांच्या हाती जी अवजारं लागतात ती आम्ही बनवतो. आई म्हणाली, म्हणजे तुम्ही लोहार. तुला ते इतकं आवडलं की पुढे कुणी विचारलं की तू तेच सांगायचास.

पुण्याच्या त्या कंपनीत आपण एकाच आठवड्यात लागलो. तू पिंपळगाव राजाचा, मी देऊळगाव राजाचा. आपला जिल्हा एक कळल्यावर दोघांनाही हायसं वाटलं, तरी माझं बोलणं ऐकून तू म्हणालास की हा अर्धा जालन्याचा आहे. तू मात्र पूर्ण वऱ्हाडी. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी तू "मले बिनसाखरेचा" म्हणालास आणि टेबलाभोवतीचे चार-पाच जण हसले. वाईट मनाने नसतील हसले, पण हसले. पुढच्या आठवड्यापासून तू ऑफिसात "मला" म्हणायला लागलास. मला राग आला. मी मुद्दाम मोठ्यानं "काहून" म्हणत फिरत होतो आणि तू असा वाकलास असं मला वाटलं. खोलीवर आल्यावर मी तुला तोंडावर म्हणालो की तुला आपल्या बोलीची लाज वाटते. तू शांतपणे कपडे वाळत घालत होतास.

"लाज नाई बे," तू म्हणालास. "मी काय म्हणून राह्यलो ते त्याईले समजलं पाह्यजे, एवढंच. माह्यी भाषा माह्याजवळ आहे. ते कुठी चालली?"

मला हे पटलं नाही. तेव्हा नाही आणि पुढेही बरीच वर्षं नाही. आपलं खरं भांडण हेच होतं, फक्त पुढे ते आपण ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो त्या पायथनच्या नावानं चाललं.

आपल्या धंद्यात दरवर्षी एक यादी निघते. दहा ठिकाणचे दहा प्रोग्रॅम एकाच चित्रपटासाठी एकमेकांशी बोलायचे असतात, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं की या वर्षी पायथन अमुक नंबरचं, बाकीच्या गोष्टी अमुक नंबरच्या. यादी नेहमी मागे असते. बाहेर तीन-दहा आलेलं असतं तेव्हा यादीत तीन-सात असतं. मला ते मागे राहणं सोसायचं नाही. नव्यात जी गोष्ट पाच ओळींत होते ती जुन्यात वीस ओळींत का लिहायची? सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे आपण का रांगायचं? तू यादीच्या बाहेर एक पाऊल टाकायचा नाहीस. यादीचा कागद छापून तू भिंतीवर चिकटवायचास. मी त्याला तुझी पोथी म्हणायचो आणि तुला त्याचा राग यायचा, कारण तुझ्या घरात पोथी नव्हती आणि तुझ्या मते यादी ही माणसांनी बसून, भांडून ठरवलेली गोष्ट होती.

एकदा तू म्हणालास, "तू एकटाच चांगलं लिहून काय करशीन, संत्या? समोरच्याच्या मशीनवर ते उघडलं पाह्यजे."

मी म्हणालो, समोरच्यानं मशीन बदलावी.

लॉकडाऊनमध्ये आपण दोघं परत आलो आणि मग पुण्याला गेलोच नाही. खामगावात खोली तूच शोधलीस. तू रोज पिंपळगावहून मोटरसायकलवर यायचास, मी स्टेशनजवळ एक खोली करून राहिलो. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती हे मी तुला कधी सांगितलं नाही. सकाळी तू आलास की हेल्मेट काढता काढता बोलायला लागायचास आणि संध्याकाळी ते घालता घालता बोलणं अर्धवट टाकून जायचास. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. आता मी घरी बसून काम करतो त्या कंपनीतल्या एकाही माणसाला मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दिवसभर स्क्रीनवर चेहरे असतात आणि बैठक संपली की ते एकदम जातात. कुणी जिना उतरत नाही.

आता ते लिहितो जे लिहायला बसलोय.

खामगावातल्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, आपल्याला काम देणाऱ्या स्टुडिओचं कार्टून मालिकेचं काम होतं. वाळवंटातून उंटांचा तांडा जातो असा भाग. प्रत्येक उंटाची चाल कलाकार वेगळी बसवायचे आणि आपलं अवजार ती चाल एका फाईलमध्ये बांधून ठेवायचं. पुढे दुसऱ्या विभागातले लोक ती फाईल त्यांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तांडा उभा करायचे. बांधायचा भाग माझ्याकडे होता. स्टुडिओत अजून आदल्या वर्षीची यादी चालू होती, तीन-सातची. मी तीन-दहामध्ये लिहिलं. तुला सांगितलं नाही. बांधायचं काम वेगळं चालतं, त्याचा आतल्या प्रोग्रॅमशी संबंध नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि फार सुंदर लिहिलं, मिलिंद. अजूनही म्हणेन की ते सुंदर होतं. तू विचारलंस, यादीप्रमाणे आहे ना? मी हो म्हणालो. तू परत तपासलं नाहीस. माझ्या शब्दावर ते पाठवून दिलंस.

कलाकारांनी तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी पुढच्या विभागानं फायली उघडायला घेतल्या आणि एकही उघडेना. नव्या पायथननं मारलेली गाठ जुन्याला सोडवता येत नव्हती. तीन दिवसांचे सगळे उंट आत अडकले.

दुपारी फोन आला. निर्मिती सांभाळणाऱ्या नंदिनी मॅडम होत्या. तू फोन स्पीकरवर टाकलास, कारण आपण दोघं नेहमी असेच बोलायचो. त्यांनी फायलींची तपासणी करून घेतली होती. यात तीन-दहा कुणी वापरलं, एवढंच त्यांनी विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पंख्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून झालं, मॅडम," तू म्हणालास, तुझ्या पुण्याच्या मराठीत. "मला चार दिवस द्या."

फोन ठेवल्यावर मला वाटलं आता तू बोलशील, ओरडशील, निदान यादीच्या कागदाकडे बोट दाखवशील. तू म्हणालास, "एकाचंच नाव जाऊ दे. दोघाईचं कशाले?" आणि फायलींची यादी उघडलीस.

त्याच शनिवारी मेहकरला वहिनींच्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध होतं, पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते. ते मला ठाऊक होतं. तुझा नवा शर्ट शिवून आला होता तोही तू मला दाखवला होतास. तू फोन घेऊन जिना उतरून खाली गेलास आणि दहा मिनिटांनी तोंड धुऊन वर आलास. साक्षगंधाला गेला नाहीस. चार दिवस आपण एकेक फाईल नव्यानं सोडवून जुन्या पद्धतीनं परत बांधली. मी नाव वाचायचो, तू उघडून पाहायचास, उंट चालतोय का, पाय जमिनीला लागतायत का. माझं पाच ओळींचं तू वीस ओळींत लिहून काढलंस. चौथ्या दिवशी सगळं स्टुडिओला गेलं. तू खुर्चीत मागे टेकलास आणि डोळे मिटलेस. तेव्हा मी म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं, चहा सांगू का.

त्यानंतरचे आठ महिने मी तुझ्यासमोर बसलो. तू एकदाही त्याचा उल्लेख केला नाहीस. तू केला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी भांडलो असतो आणि भांडता भांडता कबूल झालो असतो. तू पूर्वीसारखाच हेल्मेट काढता काढता बोलत राहिलास. मला तुझ्याकडे बघवेना. मग मी बाहेरची नोकरी धरली आणि आई एकटी आहे असं सांगून देऊळगाव राजाला निघून गेलो. आई खरंच एकटी होती, पण ती तर पहिल्यापासूनच एकटी होती. तू सामान उचलायला आलास, बसच्या टपावर माझी पेटी स्वतः चढवलीस. म्हणालास, "येत जाजो." मी एकदाही आलो नाही.

नंतर तू वर्षाला एक मेसेज करायचास. यादी पक्की झाली की नुसता नंबर. पहिल्या वर्षी: तीन-दहा. मी उत्तर पाठवलं: अखेर. दुसऱ्या वर्षी तीन-अकरा. मी अंगठा पाठवला. तिसऱ्या वर्षी: "यंदाही तीन-अकराच." मी हसरा चेहरा पाठवला आणि मनात म्हणालो, बघ, अडकली तुझी पोथी. या वेळी तू लिहिलं होतंस, "तीन-तेरा. चालते का?" त्या प्रश्नचिन्हानं मी थबकलो. आधी तू कधी विचारलं नव्हतंस. मला वाटलं, हा आता मोकळं बोलायला बघतोय. मी ठरवलं रविवारी फोन करू. रविवारी केला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या मेहुण्याचा फोन आला.

तर मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि कॉम्प्युटर सुरू केला. स्टुडिओला जायचं काम शोधायला वेळ लागला नाही. तुझ्याकडे सगळं जागच्या जागी असतं. जे पाठवायचं होतं ते जवळजवळ पूर्ण होतं. ते शोधताना मला एक फोल्डर दिसलं. नाव होतं "संत्याचं".

त्यात माझं ते लिखाण होतं. जे तू फेकून दिलंस असं मी धरून चाललो होतो, ते तीन-दहामधलं, ओळ न ओळ. सोबत तुझ्या नोंदी. तू दर काही महिन्यांनी ते काढून चालवून पाहायचास. कुठल्या प्रोग्रॅममध्ये अजून चालत नाही, कुठल्यात चालायला लागलं, कुठे अडतं. यादीत तीन-नऊ होतं तेव्हाची नोंद होती, "थोडंच राहिलं." आणि ज्या दिवशी तू मला तीन-दहाचा मेसेज केला होतास त्या दिवशीची शेवटची नोंद होती. ती मी इथे उतरवून ठेवतो: "संतोषनं लिहिलेलं आजपासून चालू केलं. फक्त साठवायची ओळ बदलली. बाकी जसंच्या तसं. माझ्या वीस ओळी काढून टाकल्या."

म्हणजे गेली अडीच-तीन वर्षं स्टुडिओत माझंच लिखाण चालतंय. मला माहीत नव्हतं. तू नंबर कळवलास आणि मी "अखेर" म्हणालो. तुला वाटलं असेल मला समजलं.

मी इतकी वर्षं धरून बसलो होतो की तुला नवं नको असतं. तू पहिल्या दिवसापासून त्याची तयारी करत होतास, फक्त सगळे येईपर्यंत थांबला होतास. हे तू कधी समजावून सांगितलं नाहीस की मी ऐकून घेतलं नाही, ते आता कसं ठरवणार?

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. दुकानदारानं वर पाहून चहाची खूण केली. मी मान हलवली, नको.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम पूर्ण केलं. तीन-तेरावर सगळं चालवून पाहिलं. दोन ठिकाणी अडलं. तिथे तू असतास तर आपण अर्धा दिवस भांडलो असतो, दोघांपैकी एकानं माघार घेतली असती. मी एकट्यानं ठरवलं. कुणी अडवलं नाही. फार वाईट वाटलं त्याचं. पाठवून दिलं आणि नंदिनी मॅडमना फोन केला. त्या तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलल्या. मग मी म्हणालो, मॅडम, त्या उंटांच्या भागाच्या वेळी फायली उघडेनात, ती चूक मिलिंदची नव्हती, माझी होती, त्यानं स्वतःवर घेतली.

मला वाटलं त्यांना धक्का बसेल.

"उंटांचा भाग आठवतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा काही अडचण आली होती का?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला, तीन दिवस, गाठ, तीन-सात. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या की अशा गोष्टी होतच असतात, मिलिंदची चूक झाल्याचं तर त्यांना कधीच आठवत नाही. मग त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आणि पुढच्या भागाचं विचारलं. मी जवळजवळ चार वर्षं जे उशाशी घेऊन झोपत होतो, ते जिथे सांगायचं होतं तिथे कुणाच्या लक्षातही नव्हतं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मला तुझा राग आला. हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो, आणि तू निघून गेलास, म्हणून.

संध्याकाळच्या बसनं पिंपळगावला गेलो, खोलीची किल्ली परत द्यायला. वहिनी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. शाळेत परत जायला लागल्यात त्या. घरात बसवत नाही म्हणाल्या. काम पाठवलं, आता फोन येणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मी उठायला हवं होतं. पण एकदा तोंड उघडलेलं होतं आणि ते कुणीतरी ऐकायला हवं होतं, म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. तू मला विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो इथपासून, पंख्याकडे पाहिलं इथपर्यंत.

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"ताईच्या साक्षगंधाच्या वक्ताची गोष्ट ना हे?" त्यांनी विचारलं. बहिणीला त्या लहान असली तरी ताई म्हणतात, तुला माहीतच आहे.

मी हो म्हणालो.

"त्याईनं मले सांगतलं होतं का माह्याकडून चुकलं म्हणून. म्या किती बोलली त्याईले. फोनवरच बोलली. म्हणलं, एवढं शिकून एक नंबर पाह्यता येत नाई तुमाले? पाहुण्याईसमोर माह्यी मान खाली गेली म्हणलं. मंग चार दिवस मी त्याईच्याशी बोलली नाई, भाऊ. ताट झाकून ठेवत होती अन् झोपत होती."

तू जिना उतरून खाली गेला होतास. तोंड धुऊन वर आला होतास. मी वर बसून होतो.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी वह्यांचा गठ्ठा उगाच सारखा केला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तुमी मले आता काऊन सांगतलं?"

खरं उत्तर होतं ते देण्यासारखं नव्हतं. मला सोसेना म्हणून सांगितलं. स्टुडिओत कुणी ते घेतलं नाही, म्हणून त्यांच्या ओट्यावर आणून ठेवलं. त्या क्षणापर्यंत त्यांच्याजवळ एक साधी आठवण होती, नवऱ्याची चूक झाली, आपण रागावलो, पुढे मिटलं. ती मी घेतली आणि त्या जागी काय दिलं बघ. आता त्यांना तुझी माफी मागायची आहे आणि तू नाहीस. अगदी माझ्यासारखं झालं त्यांचं.

तू घरीसुद्धा खरं का सांगितलं नाहीस, याचा मी तिथे बसून विचार केला. एक वाक्य बोलला असतास तर चार दिवस जेवण तरी नीट मिळालं असतं. पण मग मी तुझ्या घरी आलो की वहिनींनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं, हे तू मोजलं असणार. मी तुझ्या घरी जेवायला यायचो ना, आठवड्यातून एकदा. त्या दिवसांनंतरही येत राहिलो. वहिनी मला आग्रहानं वाढायच्या आणि तू समोर बसून खायचास.

मी म्हणालो, चुकलं माझं, वहिनी. आधीचं पण आणि आजचं पण. मी उठलो. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर बस वळायच्या जागी दोन माणसं उभी होती. मी ओट्याखाली उतरून चपला घालत होतो.

"संतोषभाऊ," त्यांनी आतून हाक मारली.

मी मागे पाहिलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या.

"ते घरी कामाचं काईच सांगत नव्हते. मी विचारलं का म्हणत, तुले कंटाळा येईन. सकाळी जाये अन् संध्याकाळी येये, एवढंच मले माहीत आहे. तिथं दिवसभर ते कसे राह्यत, काय बोलत, ते तुमालेच माहीत आहे. पयल्यापासून सांगा."

मी म्हणालो, बस जाईल.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माहा भाऊ सोडून देईन तुमाले."

मी चपला काढल्या आणि आत येऊन बसलो. वह्या त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या. मी पुण्यातली पहिली खोली सांगितली, तू करपवलेला भात, बिनसाखरेचा चहा, तुझं ऑफिसातलं मराठी. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्येमध्ये एखादा प्रश्न विचारत होत्या, वर्गात एखादं पोर काही सांगतं तेव्हा विचारतात तसा. मग त्यांनी विचारलं, तुमची दोघांची पहिली ओळख कशी झाली, पहिल्यांदा कोण कोणाशी बोललं?

आणि मिलिंद, मला आठवेना. कॅन्टीनमध्ये की जिन्यावर, तू बोललास की मी, काय म्हणालास, काहीच नाही. मी आठवत राहिलो. तुला ते नक्की माहीत असेल असं वाटलं, तू असल्या गोष्टी विसरत नाहीस, आणि माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि मला आठवेपर्यंत थांबून राहिल्या.